जिजाबाईचे सात वार आणि आठवी रेणू

जिजाबाईला लेकरं आठ आणि देवानं केलेले वार सात. सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

कामरगावच्या शिवारात, कारंजा रस्त्याला लागून, तिचं माळव्याचं वावर. मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, टमाटे आणि मुख्य म्हणजे वांगी. वावराच्या कोपऱ्यात विहीर आणि विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेले सात गोटे. त्या साती आसरा, पाण्याच्या देव्या. जिजाबाईचं देऊळ म्हणाल तर एवढंच. पोथी तिला वाचता येत नव्हती, पण बोलता येत होतं, आणि कारंज्याच्या बाजारात गिऱ्हाइकाशी बोलावं तसंच ती देवाशी बोले.

थोरला चंपत लहानपणी तापानं फणफणला, तेव्हा ती कमरेवर हात देऊन विहिरीवर उभी राहिली. "हे पाहा माय हो, पोरगं बरं करा. मी सोमवार धरीन, एकच वेळ जेवीन. दोन्ही वेळ उपाशी राहा म्हनसान तं वावर कोन पाहीन? तुमी? तुमी तं बसल्या पाण्यात पाय सोडून!"

चंपत बरा झाला. सोमवार लागला. मग दुसऱ्याला डांग्या खोकला झाला, मंगळवार गेला. तिसरी झाडावरून पडली, बुधवार गेला. असं करत करत सातव्या धीरजला कांजिण्या निघाल्या तेव्हा रविवार तेवढा शिल्लक होता, तोही गेला. बरं, प्रत्येक वाराचा कायदा वेगळा. सोमवारी एकवेळ, मंगळवारी तिखट नाही, बुधवारी गोड नाही, शुक्रवारी आंबट नाही, शनिवारी तेल नाही, रविवारी मीठ नाही. गुरुवारी केळ नाही. केळ तसंही घरात येत नव्हतं, पण त्या आठवड्यात भेंडीची तोडणी होती आणि यापेक्षा जास्त उपाशी राहणं जिजाबाईला परवडणारं नव्हतं. आसरांनी चालवून घेतलं.

घरात कॅलेंडर नव्हतं, लेकरं मायच्या ताटाकडे पाहून वार ओळखत. आठही लेकरांची नावं इथं सांगत बसलं तर तुमचा गोंधळ होईल. जिजाबाईचा स्वतःचाच होई. एकाला हाक मारायची तर ती "अबे चंपत, नाई, बेबी, अवं रेणू, जो कोनी हायेस तो ये ना!" अशी अख्खी पलटण ओरडून मोकळी होई. म्हणून चंपत, बेबीताई, धीरज आणि रेणू एवढी चार नावं ध्यानात ठेवा. बाकीच्यांना वारावरून ओळखा. घरातही तसंच चाले.

तर या वारांचा एक पोटकायदा होता. ज्याचा वार, त्याला त्या दिवशी मार नाही. ज्याच्यासाठी आपण बिनमिठाचं गिळतोय त्यालाच उलथन्यानं हाणलं तर विहिरीतल्या बाया हसतील, असं जिजाबाईचं म्हणणं. लेकरांनी हा कायदा पार पिळून काढला. धीरज रविवारी शेजारच्या टमाट्यांवर गोटे मारी. शुक्रवारची बेबीताई शुक्रवारी भांडी घासत नसे. जिजाबाई उलथनं उगारून वाऱ्यासारखी येई, मधेच थांबे. "आज कोनता वार हाय रे?"

"रविवार!"

"मर मंग. उद्या पाहीन तुले."

आणि सोमवारी पाही. व्याजासकट.

बिनवाराची एकटी रेणू, शेंडेफळ. तिला सातही दिवस मार खुला होता. शिवाय दुसऱ्याच्या वारी हवेतच थांबलेलं उलथनं तसंच खाली कसं ठेवायचं, म्हणून तेही बहुतेकदा तिच्याच पाठीकडे वळे.

"माय, माया वार कोनता?" ती विचारी.

"तुले कायले पायजे वार? तू तं हप्ताभर डोक्यावर बसून राह्यली माया."

"धीरजले हाय. मले काहून नाई?"

"देवाजवळचे सरले. आले की आनीन. जाय, वांगे तोड."

देवाजवळ नवा माल काही आला नाही. रेणू मोठी झाली, मेडशीला दिली. सोयाबीन-तुरीच्या घरात नांदली, दोन पोरांची माय झाली. पण गुरुवारी कुणी केळ नको म्हटलं तरी तिला बारीक टोचे. आपल्या भावंडांसाठी मायनं देवाशी भांडण काढलं, एकदा नाही सातदा. आपल्यासाठी एकदाही नाही? हे तिला मायला नीट विचारायचं होतं. आणि मागच्या पौषात माय मेथीच्या वाफ्यात पाणी सोडून घरी आली, "जराशीक पडते" म्हणाली, आणि पडली ती पडलीच. विचारायचं राहून गेलं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी रेणू मेडशीहून वाशीम, वाशीमहून कारंजा, कारंज्याहून कामरगाव अशा तीन एसट्या बदलून माहेरी पोचली, तर अंगणात सातही वार हजर. चंपतची बायको रुखमाबाई मधोमध विळीवर बसलेली आणि बाकीच्यांपुढे लसणाची रास.

"या मेडशीवाले," चंपत म्हणाला. साठीचा माणूस, पण बहिणीला चिडवताना दहा वर्षांचा होई. "सारं झाल्यावर आल्या. लसून सोला आता."

गुरुवार मास्तर होता. मास्तरकी सुटली तरी उभं राहून बोलायची खोड सुटली नव्हती. तो घसा खाकरून उभा राहिला. "एक प्रस्ताव आहे. मायनं जन्मभर आपल्यासाठी वार धरले. आता आपण प्रत्येकानं आपापला वार पुढे चालवावा. हीच खरी श्रद्धांजली."

"वा मास्तर!" सगळे म्हणाले. बुधवारनं डोळ्यांना पदर लावला. मग हळूहळू एकेकाला आपापला वार आठवत गेला.

"मंगळवारी तिखट नाई?" पुण्याच्या कंपनीतला मंगळवार म्हणाला. "आमच्या कँटीनमंदी पाणी सोडून सारंच तिखट असते."

"तुयं सोड," शनिवार म्हणाला. त्याची कारंजा-कामरगाव जीप होती. "बिनतेलाचं माणूस काय खाईन? जीपलेबी तेल लागते."

"मास्तर, तुमाले बरं हाय, केळावर निभावलं!" बुधवार म्हणाली.

धीरज तर पांढराच पडला. "दादा, रविवार. रविवारी मटन राह्यते ना."

"खाय ना मंग. बिनमिठाचं," बेबीताई म्हणाली.

"बिनमिठाचं मटन खाल्ल्यापेक्षा मी मायकडेच जातो ना थेट."

हसता हसता लसूण सांडला. रेणूही हसली आणि हसण्याच्या आडोशानं बोलून गेली, "धीरजदादा, जड होते तं मले दे रविवार. मले एकबी नाई."

धीरज रेणूकडे असा पाहत राहिला, जणू तिनं दावणीचा बैल सोडायला हात घातला.

"नाई बापा. मायनं मायासाठी धरला व्हता."

"तू तं मटन खाशीन."

"खाईन. पन वार माया हाय."

रेणूनं बेबीताईकडे पाहिलं. "पोरी, तुले दिला असता," बेबीताई म्हणाली, "पन शुक्रवार माया आंगाले लागला वं." मंगळवार मोबाईलमध्ये शिरला. बुधवार लसणात शिरली. शनिवारला अचानक जीपचं चाक पाहायची आठवण झाली. जे वार सगळ्यांना आताच नकोसे झाले होते, तेच जो तो धोतराच्या गाठीत बांधल्यासारखे धरून बसला.

रेणू उठली. लसणाची साल झटकली. "ठेवा तुमचे वार तुमच्याजवळ. मी सांजच्या गाडीनं जाते. उद्याच्या पंगतीले मी कायले पायजे? मी मायनं मंजूर केलेली लेक नाईच मुळी, पावसेरावर फुकट टाकलेली सांभाराची काडी हाओ मी."

"अवं बस ना," चंपत उठून म्हणाला, पण तेवढ्यात फाटकातून गोविंदसिंग आचारी आत आला. खांद्यावर सळईएवढा झारा, मागे दोन पोती वांगी घेऊन आलेला ऑटो.

"कोनी रडू नका," तो म्हणाला. "रडाचं काम उद्या कांद्यावर करू. आधी सांगा, वांग्याची भाजी टाकू ना?"

"नाई," चंपत म्हणाला.

"दादा, तेरवीले तुमी भोपळा करायले लावला. वरीस झालं, गावात अजून लोक मले 'भोपळा आला भोपळा' म्हनते. वऱ्हाडात वांग्याबिगर पंगत म्हंजे नवरदेवाबिगर वरात."

"अरे पन मायनं वांगं काशीले सोडलं व्हतं. तिच्या पानावर चालत नाई."

हे सगळ्यांना पाठ होतं. काशीला गेलेला माणूस आवडीची एक वस्तू गंगेत सोडून येतो. मग ती जन्मात खायची नाही, आणि तो गेल्यावर त्याच्या पानावर वाढायचीही नाही. साऱ्या शिवारात जिजाबाईच्या वांग्याला तोड नव्हती आणि जिजाबाई वांग्याला शिवत नव्हती. बाजारात गिऱ्हाईक विचारी, "बाई, वांगं गोड हाय का?" ती म्हणे, "मी तं सोडलं हाय बापा. पन इसवास ठेवा, कडू चीज देवाले कोनी सोडत नाई." पोतं रिकामं होई.

"बरं," गोविंदसिंगनं झारा भिंतीला टेकवला. "मंग एक सांगा. काशीले कोन्त्या गाडीनं नेलं व्हतं बुढीले? माई माय माया मांगं लागून राह्यली, काशी दाखव म्हनते."

"ते या मंगळवारले इचार," चंपत म्हणाला. "यानं नेलं व्हतं."

मंगळवारनं मोबाईलमधून डोकं वर काढलं. "मी? मी नाई. मास्तरनं नेलं ना!"

"मी तर डी.एड.ला होतो," मास्तर म्हणाला. "मला वाटलं, शनिवारनं जीपनं..."

"जीपनं काशी? डिझेल कोन टाकन, तुया सासरा?"

"बेबीच्या सासरची यात्रा गेल्ती," बुधवार म्हणाली. "तिच्यात गेली माय."

"अवं, यात्रेत मी सोता नाई गेले," बेबीताई म्हणाली. "मले वाटलं मायले चंपतदादानं आधीच फिरवून आनलं, तं ते कायले येईन दुसऱ्यांदा!"

गोल फिरून गोष्ट चंपतपाशी आली. चंपत टक्कल खाजवू लागला. "पन देवळीत गंगाजलाची कुपी व्हती ना? मी पाह्यली हाय."

"ते माया मायनं देल्लं व्हतं. माया लग्नात," विळीवरून डोकं न उचलता रुखमाबाई म्हणाली.

गोविंदसिंग एकेकाचं तोंड पाहत राहिला. सात वार खाली माना घालून बसले. आठ लेकरांची माय, आणि तिला काशी कुणीच दाखवली नव्हती. प्रत्येकानं मनातल्या मनात दुसऱ्याच्या खर्चानं पाठवली होती.

"माय तं खोटं बोलत नव्हती," धीरज हळूच म्हणाला.

"नाईच बोलत," रुखमाबाई म्हणाली. "बुढी म्हने, वांगं सोडलं. काशी तुमी जोडली."

रेणू अजून उभीच होती, पिशवी हातात. "वयनी, मंग सोडलं कुठं?"

रुखमाबाईनं विळी बाजूला सरकवली. हात पदराला पुसले. मग बोटानं वावराकडे, विहिरीकडे दाखवलं. "तथी."

सगळे तिच्याकडे वळले.

"मी नवी नवरी. पयल्या दिवशी भरले वांगे केले त बुढी बोटं चाटून म्हने, चंपतनं जलमात एकच काम बराबर केलं, तुले आनलं." चंपतनं मान वर केली, पुन्हा घातली. "मंग रेणू झाली. चार महिन्याची असन, छाती भरली. दवाखान्यात म्हने घरी न्या. बुढी घरी नाई आली, सीदी विहिरीवर गेली. मी बादली घेऊन मांगं. तिनं बोटं मोजले. सोमवार, मंगळवार, सारे मोजले, पुन्हा मोजले. एकबी खाली नाई. मंग बुढीनं जो पट्टा सोडला आसरायवर! म्हने, सात बहिनी तुमी, सातही वार गिळून बसल्या. आठवा काढला असता तं काय तुमच्या बापाचं गेलं असतं?"

रुखमाबाई मायच्या आवाजात बोलत होती, कमरेवर हात ठेवून. कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

"मंग वाफ्यात गेली, पदराच्या वट्यात वांगे घेऊन आली. एकेक गोट्यापुढं एकेक ठेवलं. म्हने, मले वांगं किती आवडते हे तुमाले ठाऊक हाय. घ्या. सोमवार नाई का मंगळवार नाई, रोजचंच घ्या. जलमभर घ्या. पन हे ठेवा."

रेणूच्या हातातली पिशवी खाली आली.

"आन् हे मले काहून नाई सांगतलं कोनी?"

"बुढीनं म्हनलं, मी हाय तवरिक तोंडातून काढू नको. बाकीच्यायले कळलं तं म्हनतीन, आमाले हप्त्यातून एक दिस आन् हिले सातही? घरात वाटण्या होतीन माया."

"पन तिले जाऊनबी वरीस झालं!" मास्तर म्हणाला.

"कोनं इचारलं?" रुखमाबाई म्हणाली. "तुमी सारे काशी काशी करून राह्यले व्हते. मी म्हनलं राहू द्या. बुढीची फुकटची यात्रा झाली."

रेणू खालीच बसली, लसणाच्या सालांवर. डोळ्यांतून पाणी चाललं आणि ती बोटं मोजत होती. सोमवार, मंगळवार, बुधवार... रविवारपर्यंत मोजून झाल्यावर तिचं रडणं अचानक थांबलं.

"थांबा वयनी. म्हंजे सातही वार माये व्हते?"

"व्हते."

"मंग मले रोज मारलं कायले तिनं?"

रुखमाबाई तिच्याकडे कीव केल्यासारखी पाहू लागली. "अवं बाई, तुले मारलं नसतं तं साऱ्यायले कळलं नसतं का?"

पहिला गोविंदसिंग हसला. मग अंगणच फुटलं. चंपत हसता हसता खाटेवरून घसरला. "सारा डाव पक्का खेळली बुढी!" आणि रेणू डोळे पुसत, नाक ओढत, अन्याय झालेल्या माणसाच्या सुरात म्हणत राहिली, "नाई पन हे बराबर नाई. साऱ्याच दिसाची माफी व्हती मले. वापस पायजे सारा मार!"

हसणं ओसरल्यावर मास्तरला आपला प्रस्ताव आठवला. "म्हणजे मग नियमानुसार... ज्याचा त्यानं चालवायचा. रेणूनं वांगं सोडायला हवं."

रेणूचं तोंड उघडं राहिलं. मायकडून तिनं दोनच गोष्टी घेतल्या होत्या, जीभ आणि वांग्याची आवड. मेडशीला सासरी ती सकाळी वांग्याचं भरीत आणि रात्री वांग्याची भाजी करे. नवरा म्हणे, तुया पोटात एखादं रोप लागन.

धीरजला संधी दिसली. तो तिच्याजवळ सरकला. "रेणू, पाय बरं. हप्त्यातून एकच दिस, फक्त मीठ नाई. तू मले वांगं दे, मी तुले रविवार देतो."

मघाशी जो रविवार मिळाला नाही म्हणून ती एसटीनं परत निघाली होती, तोच आता तिच्यापुढे हात जोडून उभा होता. रेणूनं धीरजकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नाई बापा," ती म्हणाली. "मायनं मायासाठी सोडलं व्हतं."

"ते सारं बराबर," गोविंदसिंग म्हणाला. "पन या दोन पोत्यायचं काय करू? का पुन्हा भोपळा?"

चंपतनं रेणूकडे पाहिलं. "नवस तुया नावाचा. तूच सांग."

रेणू उठली. ऑटोमागच्या पोत्यांकडे गेली नाही. ती वावरात गेली, मायच्या वाफ्यातली काटेरी, जांभळी, उन्हात चमकणारी वांगी तोडली, पदराचा ओटा भरला आणि विहिरीवर जाऊन उभी राहिली. ओटा धरलेला, म्हणून कमरेवर एकच हात ठेवता आला.

"हे पाहा माय हो," ती म्हणाली. "मी हाओ, त्या दिशीची. बरी हाओ. माया मायचं वांगं तुमी चाळीस वर्स खाल्लं, आता हिशोब पुरा झाला. तिचं तिले वापस द्या, उद्या तिच्या पानावर वाढीन. तिच्या बदल्यात मी सोडते." ती थांबली. ओट्यातल्या वांग्यांकडे पाहिलं. एक वांगं बोटानं दाबून पाहिलं, अगदी कोवळं होतं. "पन उद्यापासून नाई, परवापासून. उद्या पंगत हाय. आन् परवाबी भाजी उरली असन तं ते फेकता येत नाई, अन्न हाय. तेरवापासून पक्कं."

तिनं एकेका गोट्यापुढे एकेक वांगं ठेवलं, उरलेली ओट्यात धरून घरी आली आणि गोविंदसिंगला म्हणाली, "चढवा कढई."

दुसऱ्या दिवशी अख्खं कामरगाव जेवायला आलं. पहिलं पान जिजाबाईचं. रेणूनं स्वतः वाढलं. वरण, पोळी, भात, आणि भाजी वाढताना तिचा हात असा सुटला, की पानावर बाकी काही दिसेना. तिचं ते पान मग विहिरीवर नेऊन ठेवलं. गोविंदसिंगला त्या दिवसापासून कुणी भोपळा म्हटलं नाही.

बायांची पंगत शेवटी बसली. रेणू पहिल्या घासापासून तेरवापासूनच्या दिवसांचीही बेगमी करत होती. रुखमाबाई भाजीचं घमेलं घेऊन तिसऱ्यांदा तिच्यापुढून गेली, चौथ्यांदा आली, तेव्हा पान पुन्हा रिकामं.

"अवं किती खाशीन? पोट हाय का पोतं?" तिनं वाढायचा मोठा डाव उगारला. अगदी तसाच, कोपर बाहेर काढून.

रेणूचं तोंड भरलेलं होतं. तिनं बोट वर केलं, घास गिळला आणि विचारलं, "वयनी, आज कोनता वार हाय?"

"गुरुवार."

"माया हाय," रेणू म्हणाली. "मारता येत नाई. वाढा."